नंबर खाडी ओलांडत नाही

मुंबईतली पेढी भिवंडीजवळच्या दापोड्याला आली की टेबलं, कपाटं, संगणक, तिजोरी सगळं ट्रकमधून येतं. टेलिफोनचा नंबर मात्र मागे राहतो. ऑफिस हलवताना फोनची यंत्रणा बदलायची म्हणजे नेमकं काय बदलायचं, याचा हा शोध.

माल इकडे, घंटा तिकडे

दापोड्याला पोचायचे रस्ते दोन. ठाण्याहून खाडीवरचा कशेळीचा पूल ओलांडून काल्हेर, पूर्णा, राहनाळ करत अंजूर फाट्याच्या बाजूने यायचं, नाहीतर मुंबई-नाशिक महामार्गाने येऊन माणकोलीला उतरायचं. कुठूनही या, वळ-दापोडे-गुंदवलीचा पट्टा लागल्याचं कोणी सांगावं लागत नाही, कंटेनरच सांगतात. उंच पत्र्याच्या शेडी, शेडींच्या ओळी, प्रत्येक दाराला गाळा नंबर आणि साऱ्या ओळींना मिळून एका कंपाउंडचं नाव. एकेकाळच्या भातशेतीवर हे गोदामांचं जग उभं राहिलं, त्यात मोठा वाटा मुंबईच्या जकातीचा.

हिशेब साधा होता. मुंबई महापालिकेच्या हद्दीत माल शिरला की जकात भरायची. भिवंडीच्या ग्रामपंचायतींत ती नव्हती. मग देशभरातून आलेला माल हद्दीबाहेरच उतरवायचा आणि जेवढा मुंबईत खपेल तेवढाच आत न्यायचा. पेढी मशीद बंदरला, माल दापोड्याला. सौदा गादीवर बसून व्हायचा आणि गाडी गोदामातून सुटायची. ‘किती पेट्या शिल्लक आहेत’, ‘बिल्टी बनली का’, ‘हमाल जेवायला गेलेत, तासाभराने लावा’ हे सगळं फोनवर. माल आणि मालक यांच्यामधलं अंतर रोज टेलिफोननेच कापलं जाई.

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला आणि मुंबईची जकात संपली. आता भिवंडीची गोदामं ओस पडणार, असा तर्क सोपा होता. झालं उलट. राज्याराज्यांत वेगळा डेपो ठेवण्याची गरज कमी झाली, तेव्हा कंपन्यांना कमी पण मोठी गोदामं हवीशी झाली. महामार्ग, न्हावाशेवाचं बंदर आणि मुंबईचा ग्राहक या तिन्हींना जवळचा पट्टा तयारच होता. जकात चुकवण्यासाठी दूर ठेवलेलं गोदाम हेच धंद्याचं मुख्य ठाणं बनलं. मग दक्षिण मुंबईतली महागडी जागा कशाला अडवून ठेवायची, असा विचार सुरू झाला आणि ऑफिसंही मालाच्या मागोमाग खाडीपलीकडे येऊ लागली.

अशी एक पेढी नमुन्यादाखल समोर ठेवू. मशीद बंदरला दोन पिढ्यांचा धंदा, दहाबारा माणसं, चार लँडलाइन आणि भिंतीवर जुनं ईपीएबीएक्स. मालकाने सुतार, रंगारी, एसीवाला, नेटवाला सगळे ठरवले. फोनचं काय, हा प्रश्न बहुधा शेवटच्या आठवड्यात निघतो.

कोडांचा नकाशा

टेलिफोनचा नकाशा महसुली नकाशाप्रमाणे चालत नाही. दूरसंचार खात्याने कॉलचे दर ठरवण्यासाठी देशाचे अडीच हजारांहून अधिक छोटे विभाग पाडले आणि त्यांना एसटीडी कोड दिले. भिवंडीचा ०२५२२. शेजारच्या कल्याण-डोंबिवलीचा ०२५१. ठाणे मात्र ०२२, कारण १९८६ साली स्थापन झालेल्या महानगर टेलिफोन निगमच्या पंखाखाली मुंबईबरोबर ठाणे आणि नवी मुंबई आली. खाडी ओलांडून भिवंडीत आलं की बीएसएनएलचा कल्याण टेलिकॉम जिल्हा लागतो.

याचा अर्थ, मुंबईतून बाहेर पडलेल्या सगळ्या बाजारांचं नशीब सारखं नव्हतं. कांदा-बटाटा, मसाला, धान्य हे घाऊक बाजार १९८० आणि ९० च्या दशकांत नवी मुंबईत गेले, तेव्हा त्यांचे नंबर बदलले, पण ०२२ टिकलं. परगावच्या गिऱ्हाइकाच्या लेखी ते मुंबईतच राहिले. भिवंडीला आलेल्याचं तसं नाही. कोड बदलतो, आकड्यांची संख्यासुद्धा बदलते, पूर्वी सरकारी कंपनीही बदलायची. मुंबईत आठ आकडी नंबर, भिवंडीत सहा आकडी. सुरुवातीचं शून्य सोडून कोडासकट मोजलं तर दोन्हीकडे बेरीज दहाच, पण गिऱ्हाइकाच्या वहीत बेरीज नसते, नंबर असतो.

मोबाइलवाल्याला हे कळत नाही. २० जानेवारी २०११ पासून देशभर कंपनी बदलूनही नंबर ठेवता येतो, आणि ३ जुलै २०१५ पासून सर्कल बदललं तरी. लँडलाइनला ही मोकळीक नाही. लँडलाइनच्या नंबरातच पत्ता असतो. पहिले आकडे शहर सांगतात, पुढचे एक्स्चेंज, उरलेले तुमची तारांची जोडी. त्याच एक्स्चेंजच्या हद्दीत जागा बदलली तर अर्ज करून नंबर हलवता येई. मशीद बंदरहून दापोड्याला तो येणं त्या रचनेतच बसत नाही.

अंतर एकेकाळी बिलातही दिसे. २००० नंतरच्या दशकात जवळच्या गावांसाठी एसटीडी कोडाच्या जागी ९५ लावायची सोय होती. भिवंडीसाठी ९५२५२२ फिरवलं की दर थोडा कमी लागायचा. १ मार्च २००६ पासून सरकारी कंपन्यांची ‘वन इंडिया’ योजना आली आणि देशात कुठेही एक रुपया मिनिट झालं. आज बहुतेक योजनांत कॉल मोजलेच जात नाहीत. अंतराचे पैसे गेले, अंतराचे आकडे तेवढे राहिले.

मग एका नंबरचं एवढं काय, असं कोणी म्हणेल. त्याने गोदामातला एखादा खोका उचलून पाहावा. वैधमापनशास्त्राच्या २०११ च्या आवेष्टित वस्तू नियमांनुसार ग्राहकाने तक्रार कुठे करायची, त्याचं नाव, पत्ता, टेलिफोन नंबर आणि ईमेल वेष्टनावर छापावा लागतो. पेढी स्वतः माल पॅक करत असेल, तर तिचा जुना नंबर छापलेले खोके, लेबलं, पाकिटं हजारोंनी पडलेली असतात. विकून गेलेला माल दुकानांच्या फळ्यांवर वर्ष-दीड वर्ष बसून असतो, आणि त्यावरचा नंबर कोणी तरी फिरवतच असतो. त्याखेरीज बँक, जीएसटीची नोंदणी, विमा, ट्रान्सपोर्टवाल्यांच्या डायऱ्या. जीएसटीतला पत्त्याचा बदल पंधरा दिवसांत कळवायचा असतो, म्हणून तो कोणी विसरत नाही. खोक्यावरच्या नंबराची आठवण करून देणारी नोटीस येत नाही.

भिंतीवरचं खोकं

आता यंत्राकडे वळू. ईपीएबीएक्स म्हणजे ऑफिसातलं खासगी एक्स्चेंज. बाहेरच्या चार लाइनी, आतले वीस फोन, आणि कोणाला कधी कोणाशी जोडायचं याचे नियम. भारतात ते दुकानादुकानांत पोचलं यामागे एक सरकारी प्रयोगशाळा आहे. ऑगस्ट १९८४ मध्ये सी-डॉट स्थापन झाली. सॅम पित्रोदा यांचं नाव तिच्याशी कायमचं जोडलं गेलं. धूळ, उकाडा आणि लहरी वीज सोसणारं, वातानुकूलनाशिवाय चालणारं छोटं एक्स्चेंज तिथल्या अभियंत्यांनी बनवलं. १९८६ साली कर्नाटकातल्या कित्तूरला पहिलं ग्रामीण एक्स्चेंज सुरू झालं. १२८ जोडण्यांच्या याच घराण्यातलं खासगी ऑफिसांसाठीचं एक्स्चेंजही आलं. हे तंत्र अनेक देशी उत्पादकांना परवान्यावर दिलं गेलं, आणि लाकडी बोर्डासमोर बसून वायरी खुपसणारी ऑपरेटर हळूहळू दिसेनाशी झाली.

जुनं खोकं उघडलं की तंत्रज्ञ आधी भिंतीवरचं क्रोन मॉड्यूल बघतो. पांढऱ्या पट्ट्यांत रंगीत तारांच्या जोड्या दाबून बसवलेल्या असतात. कुठली जोडी कुठल्या टेबलावर जाते, हे सांगणारा कागद कधीच फाटलेला असतो. दहा वर्षांत कोणी केबिन बदलली, कोणी फोन ओढून नेला, त्याचा सगळा इतिहास तिथे लोंबत असतो. स्थलांतराचा पहिला फायदा इथेच होतो. कोणता एक्स्टेन्शन खरोखर वापरात आहे, याची एकदा तरी मोजणी होते, आणि वीसपैकी बरेच फोन केवळ टेबलाची शोभा होते असं लक्षात येतं.

हेच खोकं दापोड्यात लावता येईल का? लावता येईल, पण त्याला खायला घालणारी तांब्याची तार आता कमी होत चालली आहे. २००६ च्या सुमारास देशात पाच कोटींच्या आसपास लँडलाइन होत्या. मोबाइलने त्या गिळल्या. जानेवारी २०२० मध्ये बीएसएनएलच्या ७८ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली, महानगर टेलिफोन निगममधल्या १४ हजारांहून अधिक जणांनीही. कुठल्या पिलरमधून कोणती जोडी कुठल्या कंपाउंडात जाते हे डोक्यात असलेली लाइनमन-जोडाऱ्यांची पिढी त्यांच्यात होती. पावसाळ्यात सांध्यात पाणी शिरलं की कुठे खणायचं, हे कागदावर कुठेच नव्हतं.

त्यामुळे नव्या जागेत लाइन येते ती बहुधा फायबरवर. फायबर आत आणणारी छोटी पेटी एक-दोन साध्या फोनची जागा देते, ती जुन्या खोक्याला जोडता येते. जास्त लाइनी हव्या असतील तर दोन मार्ग. एक पीआरआय, म्हणजे एकाच जोडणीत तीस जणांचं बोलणं. दुसरा एसआयपी ट्रंक, म्हणजे इंटरनेटच्या भाषेत बोलणाऱ्या लाइनी, दहा हव्यात तर दहा, दिवाळीत वीस. जुनं यंत्र पहिलं काही वेळा समजू शकतं. दुसऱ्यासाठी मध्ये गेटवे लागतो, नाहीतर यंत्रच बदलावं लागतं.

गोदामात तार कशी वागते

विक्रेत्याच्या माहितीपत्रकातलं ऑफिस काचेचं असतं. दापोड्यातलं ऑफिस असतं गोदामाच्या पोटमाळ्यावर, आणि फोन हवा असतो खाली धक्क्यावर, फाटकावर, दोन ओळी सोडून घेतलेल्या दुसऱ्या गाळ्यात. इथे जुन्या आणि नव्या तंत्राचा हिशेब उलटा होतो.

साधा अॅनालॉग फोन दोन बारीक तारांवर कंपाउंडाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सहज चालतो. आयपी फोनच्या नेटवर्क केबलची मर्यादा शंभर मीटर. त्यापुढे मध्ये स्विच हवा, स्विचला वीज हवी, विजेला कुलूपबंद पेटी हवी. दोन गाळ्यांमध्ये फायबर टाकणं उत्तम, पावसाळ्यातल्या विजा फायबरमधून येत नाहीत. तांब्याच्या तारेवरून त्या थेट यंत्राच्या कार्डापर्यंत येतात. वाय-फायवरचा फोन मोकळ्या गोदामात तपासला तर छान वाजतो. छतापर्यंत लोखंडी रॅक आणि त्यांत माल भरला की तोच मुका होतो. म्हणून तपासणी माल भरल्यावर करावी, हे शहाणपण अनेकांना उशिरा येतं.

विजेचा मुद्दा याहून मोठा. जुन्या लँडलाइनला घरची वीज लागतच नव्हती. एक्स्चेंजमधल्या ४८ व्होल्टच्या बॅटऱ्या तारेतूनच फोनला जागं ठेवत. सगळीकडे अंधार झाला तरी डायल टोन असायचा. फायबरची पेटी, स्विच, आयपी फोन हे सगळे आपल्याच विजेवर जगतात. भिवंडीतलं वीजवितरण २६ जानेवारी २००७ पासून महावितरणने टोरेंट पॉवरकडे फ्रँचायझी म्हणून दिलेलं आहे. वितरण कोणाकडेही असो, गेलेली वीज आणि जनरेटर यांच्यामधली दोन-चार मिनिटं यूपीएसशिवाय भरून निघत नाहीत. रसायनांची, औषधांची, कापडाची गोदामं शेजारी शेजारी असलेल्या पट्ट्यात आग लागते तेव्हा आधी मेन स्विच पडतो. फाटकावरचा फोन त्या वेळी चालू असला पाहिजे, ११२ लागला पाहिजे, आणि गाळा नंबर फोनच्या वर मोठ्या अक्षरांत लिहिलेला असला पाहिजे.

इंटरनेटच्या वेगाची काळजी मात्र उगाच केली जाते. चांगल्या दर्जाच्या एका कॉलला सेकंदाला साधारण ९० किलोबिट लागतात, दहा कॉल एकदम चालले तरी एक मेगाबिटच्या आतबाहेर. अडचण येते वाटेकऱ्यांची. त्याच जोडणीवर चाळीस कॅमेऱ्यांचं चित्रण वर चढत असेल, तर आवाज तुटतो. आवाज एका बाजूने जायला १५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला की माणसं एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात. फोनसाठी वाट वेगळी राखणं हे राउटरमधलं पाच मिनिटांचं काम, पण ते सांगावं लागतं. ‘मला ऐकू येतंय, त्यांना येत नाही’ ही तक्रारसुद्धा बहुतेकदा राउटरच्या एका चुकीच्या सेटिंगची असते, आणि दोष मात्र फोनला मिळतो.

शून्य आणि कायदा

१५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य लावणं सक्तीचं झालं. ऑफिसात बाहेरची लाइन घ्यायला आधीच शून्य होतं. मग दोन शून्यं. जुनी यंत्रं दुसरं शून्य आलं की एसटीडी समजून कॉल अडवत, कारण खर्च वाचवण्यासाठी मालकानेच कधीतरी एसटीडी बंद करून घेतली होती. यंत्र बदलायचं निमित्त शोधणाऱ्या कित्येक ऑफिसांना ते त्या शून्याने मिळवून दिलं.

दुसरी भानगड अधिक गंभीर. मालकाला वाटतं, मुंबईतली ०२२ ची लाइन इंटरनेटवरून दापोड्यात ओढून घेऊ, हाय काय अन् नाय काय. तंत्राला अडचण नाही, नियमांना आहे. एका शहराची लाइन खासगी जाळ्यातून दुसरीकडे नेऊन टेलिफोन कंपनीचा लांबचा कॉल टाळणं याला टोल बायपास म्हणतात. भारतात ते वर्षानुवर्षं निषिद्ध राहिलं, आणि म्हणूनच इथे बसवल्या जाणाऱ्या आयपी यंत्रांत सार्वजनिक लाइनी आणि खासगी जाळं यांच्यामध्ये भिंत घालण्याची सोय ठेवावी लागे. नोव्हेंबर २०२० आणि जून २०२१ मध्ये कॉल सेंटरसारख्या सेवांसाठीचे नियम बरेच सैल झाले. तरीही आपली जोडणी कशात बसते, हे सेवा देणाऱ्या कंपनीकडून लेखी घ्यावं. मुंबईत छोटी जागा टिकणार असेल, तर सरळ मार्ग म्हणजे जुनी लाइन तिथेच चालू ठेवून तिचे कॉल एक्स्चेंजमधूनच नव्या नंबरावर वळवणं.

तिसरी गोष्ट कुलपाची. आयपी यंत्राचा दरवाजा इंटरनेटवर उघडा आणि पासवर्ड १२३४ असेल, तर रविवारी रात्री कोणीतरी परदेशातून तुमच्या यंत्रातून तिसऱ्याच देशात फोन लावतं, आणि बिल तुमच्या नावावर येतं. परदेशी कॉल लागत नसतील तर ते कंपनीकडूनच बंद करून घेणं हा सगळ्यांत स्वस्त पहारा.

पण फोन उचलतो कोण?

एवढं सगळं कशाला, सगळ्यांकडे मोबाइल आहेतच की, हा युक्तिवाद दापोड्यात रोज ऐकू येईल, आणि तो पोकळ नाही. ड्रायव्हर सुपरवायझरच्या मोबाइलवर येतो, ऑर्डर विक्रेत्याच्या व्हॉट्सअॅपवर येते, माल दिल्याचा फोटोही तिथेच. बहुतेक पेढ्यांत नवं यंत्र बसण्याआधीच जुनं निरुपयोगी झालेलं असतं.

प्रश्न सोयीचा नाही, मालकीचा आहे. लँडलाइनचा नंबर पेढीच्या नावावर होता. विक्रेता नोकरी सोडून गेला, तरी दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाची घंटा त्याच टेबलावर वाजे. आज नंबर विक्रेत्याच्या खिशात आहे. तो पलीकडच्या कंपाउंडातल्या स्पर्धकाकडे गेला की चार वर्षांच्या ऑर्डरी, भावाची घासाघीस, उधारीचे वायदे, सगळं त्याच्याबरोबर पलीकडे जातं. चोरी कोणी केलेली नसते. पेढीने स्वतःचा नंबरच ठेवला नाही, एवढंच.

नव्या यंत्रणेची खरी किंमत इथे ठरते. पेढीच्या नावावरचा एक नंबर, तो ऑफिसात उचलला नाही तर ठरलेल्या मोबाइलवर वाजतो, तिथेही उचलला नाही तर दुसऱ्याच्या, आणि कोणाचा फोन आला होता याची नोंद पेढीकडे राहते. गिऱ्हाइकाला माणूस बदलल्याचं कळतं, पेढी बदलल्यासारखं वाटत नाही. हे क्लाउडवर होतं, छोट्या खोक्यावर होतं, आणि थोडं डोकं लावलं तर जुन्या यंत्रावरही होतं. ‘हिंदीसाठी एक दाबा’ म्हणणारी बाई बसवणं मात्र याहून सोपं असल्याने तिच्यापासून सुरुवात होते. धक्क्यावर गाडी लावून उभ्या असलेल्या ड्रायव्हरला ती बाई नको असते. त्याला माणूस हवा असतो.

जाहिरातीच्या कॉलसाठी १४०, आणि सेवा-व्यवहाराच्या कॉलसाठी १६० ने सुरू होणारे नंबर आल्यापासून अनोळखी मोबाइल नंबर न उचलण्याची सवय वाढली आहे. उधारी वसूल करायला नव्या सिमवरून फोन करणाऱ्याला हे लगेच कळतं. वर्षानुवर्षं ओळखीचा असलेला पेढीचा नंबर अशा वेळी उचलला जातो. पत अशीही असते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने नव्या क्रमांक आराखड्याच्या शिफारशी केल्या. त्यांनुसार लँडलाइनवरून शेजारच्या लँडलाइनलाही शून्य आणि कोड लावूनच कॉल करायचा, म्हणजे सगळा देश दहा आकड्यांचा. छोट्या विभागांऐवजी मोठ्या सेवाक्षेत्राचा विचार त्यात आहे. लोकांचे नंबर बदलणार नाहीत, पण नंबरातून गाव ओळखण्याची सवय पुढच्या पिढीला राहील असं वाटत नाही.

तोवर ऑफिस हलवणाऱ्याने कॅलेंडर उलटं वाचावं. नव्या जागेत फायबर आणि नंबर आधी मंजूर करून घ्यायचा, कारण कंपाउंडात केबल आणायची परवानगी, पत्त्याचे पुरावे आणि मोजणी यांत आठवडे जातात. नंबर हाती आल्यावरच लेबलं छापायची. जुना नंबर निदान शेवटचा छापील खोका विकून संपेपर्यंत जिवंत ठेवायचा. त्याचं भाडं हा स्थलांतराचा सर्वांत छोटा खर्च असतो, आणि तोच वाचवायचा मोह सर्वांत मोठा. एक्स्टेन्शनची यादी कागदावर, यंत्राचा पासवर्ड मालकाकडे, आणि करारात नंबर पेढीच्या नावावर, यंत्र बसवणाऱ्याच्या किंवा एखाद्या नोकराच्या नावावर नाही.

यंत्र कुठलं घ्यावं हे विक्रेते सांगतीलच, तेवढ्यासाठीच ते येतात. नंबर कोणाचा, घंटा कुठे वाजणार आणि जेवणाच्या सुट्टीत ती कोण उचलणार, हे मालकालाच ठरवावं लागतं. ट्रक मशीद बंदरातून निघण्याआधी ते ठरलेलं असेल, तर दोन हजारांच्या खोक्यावरही धंदा चालतो. ठरलेलं नसेल, तर दोन लाखांचं यंत्र दापोड्याच्या पोटमाळ्यावर छान दिवे लुकलुकवत बसतं, आणि गिऱ्हाईक सुपरवायझरच्या मोबाइलवर फोन करतं.